बिनचहाचं घर

सिलिंडर आला तोच गाजावाजा करत. बाळीवेशीतल्या त्या अरुंद बोळात हातगाडी शिरली तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं बाहेर आली. मग चार हमालांनी दोर लावून तो जिन्यावरून वर चढवला आणि दर पायरीला त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. पुरुषाच्या छातीएवढा उंच, अंग काळं, खांदे पांढरे. माडीच्या लाकडी जमिनीवर तो टेकला तेव्हा शांतम्माच्या फडताळातली भांडी खडखडली आणि समोरच्या खोलीतल्या राजाबाईनं दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाळीवेशीला कळलं की शांतम्माला ऑक्सिजन लावला.

आता चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात ऑक्सिजन लावला याचा अर्थ एकच होता. ज्याच्या नाकात नळी गेली तो पुन्हा जेवायला पाटावर बसला, असं कुणी पाहिलं नव्हतं. ऑक्सिजन लावला म्हणजे लेकींना तारा करा, भाऊबंदांना सांगा, मठातल्या स्वामींना निरोप धाडा. वेणीमाधव डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं असो, लोकांना जे माहीत ते माहीत.

आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी वेगळं. डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकून आले होते, आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मावशी, विडी ओढता? मशेरी?"

"विडी न्हाय. चूल," शांतम्मा म्हणाली. "तीस वर्सं... चूल फुंकली की."

ते खरंच होतं. नवरा धोंडप्पा गिरणीत होता तेव्हापासून ती घरी ज्वारीच्या कडक भाकरी करून खानावळींना देत होती. भाकरी अशी पातळ की उन्हाला धरली तर पलीकडचं दिसावं. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. धूर जायला वाट एकच, शांतम्माची छाती. छपन्नाव्या वर्षी तिला जिना चढता येईना, मग उतरता येईना, आणि आता बोलायचं तर दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागे. बोलकी बाई होती. दम लागण्यापेक्षा तोंड बंद ठेवावं लागण्याचाच तिला जास्त राग येई.

डॉक्टरांनी नियम सांगितले. रोज दहा तास नळी. सकाळी पाच तास, संध्याकाळी पाच तास. मिनिटाला दोन लिटर, त्याहून एक टिंब जास्त नाही. "हा मरणाऱ्याचा वायू नव्हे, मावशी. चष्मा लावतो तसा रोज लावायचा." मग सून दाक्षायणीकडे वळून ते म्हणाले, "नळी चालू असताना या दोन्ही खोल्यांत विस्तव नको. चूल नको, स्टो नको, दिवा-उदबत्ती नको. काही पेटवायचंच झालं तर आधी चावी बंद करा, खिडकी उघडा, दहा मिनिटं थांबा. आणि विझवल्यावर स्टो पूर्ण गार होऊ द्या, मगच नळी सुरू. नाहीतर माडीसकट जळाल."

शेवटी त्यांनी शांतम्माच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथं खळी तशीच राहिली. "महिन्याभरात ही सूज उतरली पाहिजे. नाही उतरली तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल."

मोठ्या दवाखान्यात धोंडप्पा आपल्या पायांनी गेला होता. परत आणला तो चौघांनी. शांतम्मानं त्याच घडीला मनाशी पक्कं केलं की काय वाट्टेल ते होवो, ती तिथं जाणार नाही. जगायचं ते या माडीवर आणि मरायचं तेही याच माडीवर.

दाक्षायणी हुशार होती. नवरा महादेवप्पा जकात नाक्यावर कारकून, तो सातला डबा घेऊन जाई तो रात्रीच परते. तिनं सगळं बसवून टाकलं. पहाटे उठून स्वयंपाक, आठ ते एक नळी, दुपारी चहा आणि उरलेलं काय ते, चार ते नऊ नळी. देवापुढचा दिवा दुपारी लावायचा. सासूला ती अत्ती म्हणे. "अत्ती, बघा तुमी," ती म्हणाली, "महिन्यानं तुमीच मला बाजारातनं मेथी आणून देताल."

पहिल्या दिवशी आठला नळी लागली. बाटलीतलं पाणी बुडबुडायला लागलं. शांतम्माला वाटलं, कुणीतरी छातीवरचं जातं जरा सरकवलं. साडेनऊला गुरप्पा आला.

गुरप्पा म्हणजे धोंडप्पाचा चुलतभाऊ, भुसार दुकानवाला. तो दारात थबकला, नळीकडे पाहिलं, टोपी काढली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, असं कसं झालं हो?"

आणि शांतम्मानं हातानं सुनेला खूण केली. चहा.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. शांतम्माच्या घरून आजवर कुणी चहाशिवाय गेलं नव्हतं. पोस्टमन नाही, बोहारीण नाही. नळ तोडायला आलेला मुन्शिपाल्टीचा माणूससुद्धा आधी चहा प्यायला आणि मग नळ तोडून गेला. भावकीत तिची ओळखच ती होती. तेव्हा दाक्षायणीनं चावी बंद केली, खिडकी उघडली, दहा मिनिटं थांबली, स्टो पेटवला, चहा केला, स्टो विझवला, तो गार व्हायची वाट पाहिली. तोवर गुरप्पा बशीतला चहा फुंकत भावकीत कोण कोण कसं गेलं ते सांगत बसला. पाऊण तास गेला. नळी परत नाकात गेली आणि जिन्यात पुन्हा पावलं वाजली.

त्या दिवशी सहा जण आले. दुसऱ्या दिवशी नऊ. एकेकटे येत तेच वाईट. एकदम आले असते तर एका चहात भागलं असतं. पण माणसं अशी की एक उठला की दुसरा चढायचा, जसं काही खाली रांग लावून ठेवलीय. येत, नळीकडे बघत, डोळे पुसत. "काय होतंय?" विचारत. दम लागतोय हे सांगायलाही दम लागतो, हे एकालाही कळत नव्हतं. मग आपसांत बोलत. ऑक्सिजन लावल्यावर कुणी किती दिवस काढले याची यादी शांतम्माच्या उशाशी बसून होत असे. सगळ्यात जास्त अकरा दिवस निघाले, एका बाईच्या आत्याचे.

तिच्या श्वासाची चौकशी करायला आलेली माणसं तिचाच श्वास बशीत ओतून, फुंकून फुंकून पिऊन जात होती. आणि प्यायला देत कोण होतं? तीच. दर वेळी दाक्षायणी तिच्याकडे बघे आणि दर वेळी तिचा हात आपोआप उठे. नंतर नळीविना पडल्या पडल्या ती स्वतःच्या हाताचाच राग राग करी.

"अत्ती, आज सांगू का, चहा न्हाय म्हणून?" तिसऱ्या दिवशी दाक्षायणीनं विचारलं.

"सांगून... बघ तर," शांतम्मा म्हणाली. ते ऐकून दाक्षायणीनं चहाची भांडी घासायला घेतली.

मग तिनं राजाबाईच्या स्टोवर चहा करून पाहिला. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी राजाबाई म्हणाली की तिचा स्टो बिघडलाय, आणि संध्याकाळी तिच्याच दारातून भजी तळल्याचा वास आला. तिला तरी काय म्हणणार? कोळशाची शेगडीही करून पाहिली. ती जिन्याखाली पेटवली तर धूर सरळ वर, शांतम्माकडे. महादेवप्पानं सुचवलं की दारावर पाटी लावू, भेटायची वेळ दुपारी एक ते चार. शांतम्मानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं रविवारीही जकात नाका गाठला.

दहाव्या दिवशी डॉक्टर आले. आधी त्यांनी सिलिंडरचा काटा पाहिला.

"हा सहा दिवसांत संपायला हवा होता," ते म्हणाले. "दहा दिवस झाले आणि काटा अर्ध्यावर. माझं गणित चुकलं की तुमचं?"

 डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळी पहिल्यापेक्षा खोल पडली, मळलेल्या पिठात बोट रुतावं तशी. मग मात्र दाक्षायणीला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, गुरप्पाचे तीन चहा, राजाबाईची भजी, सगळं. डॉक्टर आधी हसले. मग त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"म्हणजे तुम्ही चहापायी गुदमरताय? मावशी, मी महिनाभर थांबणार नाही. पुढच्या सोमवारी येतो. सूज हलली नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात. महादेवप्पांना सांगून ठेवा." त्यांनी बॅग उचलली.

"डॉक्टर, थांबा," शांतम्मा म्हणाली. "दाक्षायणी... चहा..."

डॉक्टरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ते जिना उतरून गेले.

त्या रात्री शांतम्मानं जेवण टाकलं. लाजेनं टाकलं म्हणा, भीतीनं म्हणा. सकाळी नळी लावायच्या आधी तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि थांबत थांबत सांगितलं, "आजपासनं... कुणालाच चहा न्हाय. मी सांगितलं... तरी न्हाय. काड्यापेटी... कनवटीला लाव तुझ्या."

दाक्षायणीनं काड्यापेटी कनवटीला खोचली. शांतम्मा तयारीनं बसली. येऊ दे आता गुरप्पा. येऊ दे ती अकरा दिवसांची आत्या मोजणारी. तोंड कोरडं घेऊन जातील आणि पुन्हा चढायचं नाव काढणार नाहीत.

जिन्यात पावलं वाजली ती जड आणि सावकाश. दारात तिचा थोरला भाऊ उभा होता, सिद्धलिंगप्पा.

शांतम्माला वाटलं, देवानं आज नेमका सूडच उगवलाय. अण्णा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात शेती करून राही. आई गेली तेव्हा शांतम्मा चार वर्षांची होती आणि हा बारा. त्यानं तिची वेणी घातली होती, त्यानं तिला भाकरी थापायला शिकवली होती. पहाटेची एस.टी. धरून, धूळ खात, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन तो आला होता. कुणाच्याही घरी काही मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण बहिणीच्या चहावर त्याचा जीव होता, हे तिला ठाऊक होतं. आलं ठेचून, दूध आटवून केलेला, मोठ्या पितळी पेल्यातून.

तो भिंतीला टेकून बसला. उपरण्यानं तोंड पुसलं. "कसं हाय, शांता?"

तिनं मान हलवली. दाक्षायणीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि सासूकडे पाहिलं. शांतम्मानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाटली बुडबुडत होती. सिद्धलिंगप्पा शेंगांची पिशवी उगाच इकडून तिकडे सरकवत होता. एकदा त्याची नजर स्टोकडे गेली आणि परत आली.

तिला सांगायचं होतं. डॉक्टर काय म्हणाले, सोमवारी काय होणार, विस्तव का चालत नाही. पण ते सांगायला पन्नास शब्द लागत होते. "अण्णा, डॉक्टर..." एवढं म्हणाली आणि खोकल्यानं तिला वाकवलं.

"बोलू नको," तो म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अर्धा तास तसाच बसून राहिला आणि मग उठला.

दाक्षायणी त्याच्यामागं जिन्यापर्यंत धावली. "मामा, चहाचं काय झालंय म्हंजे..."

"राहू दे पोरी," सिद्धलिंगप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "कळलं मला."

तो गेल्यावर शांतम्मा रडली नाही, कारण रडायलाही श्वास लागतो. तिनं शेंगांची पिशवी पायानं कोपऱ्यात ढकलली. भावाचा राग, डॉक्टरचा राग, त्या काळ्या लोखंडी धोंड्याचा राग. जन्मभर जमवलेलं एक नाव, ते एका सकाळी मातीत गेलं.

पण त्या दिवशी पाच आणि पाच, पुरे दहा तास नळी राहिली. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, फक्त हमाल सिलिंडर बदलून गेले. चहा बंद झाल्याची बातमी पसरली असणार, असं तिनं धरलं. तिला बरंही वाटलं आणि वाईटही. शनिवारी सकाळी तिनं स्वतःच नडगीवर अंगठा दाबला. खळी पडली, पण थोड्या वेळात भरून आली. दाक्षायणीनंही दाबून पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

रविवारी सकाळी नऊला बोळात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग जिना वाजायला लागला तो थांबेचना. पुढे गुरप्पा, त्याच्यामागं सिद्धलिंगप्पा, त्याच्यामागं त्याची सून, दोन पुतणे, अकरा दिवसांची आत्या मोजणारी बाई, आणखी कोण कोण. सतरा माणसं. सगळ्यात शेवटी भगव्या वस्त्रातले, हातात विभूतीची पिशवी घेतलेले स्वामी. गुरप्पाच्या काखेत एक पुडा होता आणि त्यातून फुलांचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं.

माडीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणीतरी कोपऱ्यातली समई पुढे ओढली आणि काडी मागितली. महादेवप्पा याही रविवारी नाक्यावर गेलेला; दाक्षायणी कनवटीवर हात दाबून भिंतीला चिकटली. "काडी न्हाय," ती म्हणाली. "ह्या घरात काडीच न्हाय."

"काडीपण संपली," मागून एक बाई हळू आवाजात म्हणाली आणि दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

सिद्धलिंगप्पा बहिणीच्या पायाशी बसला. त्यानं सगळ्यांना सांगितलं, "बुधवारी मी आलो. अर्धा तास बसलो. शांतानं मला चहा विचारला न्हाय. जलमात पयल्यांदा. तवाच मी समजलो. स्टँडवर जायच्या आदी गुरप्पाच्या दुकानात जाऊन सांगितलं, आता जास्त दिवस न्हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. शांतम्मानं चहा विचारला नाही, मग उरलंच काय?

शांतम्मा ऐकत होती. एवढा संताप तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. चहा दिला तर जीव जातो, नाही दिला तर जीव गेला असं धरतात. या माणसांपुढं जगायचं तरी कसं? तिनं सगळं बळ एकवटलं. "मी... मरत... न्हाय," ती म्हणाली.

त्यावर बायकांना मोठा हुंदका आला. शेवटी शेवटी सगळे हेच म्हणतात, असं अकरा दिवसवाली शेजारणीला सांगत होती.

स्वामींनी शांतम्माच्या कपाळाला विभूती लावली. दंडांना लावली. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं. मग वाकून, कानाजवळ येऊन विचारलं, "अम्मा, मनात काई इच्छा हाय का? सांगा. आमी पुरी करू."

माडी एकदम शांत झाली. बाटलीचा बुडबुडाट तेवढा ऐकू येत होता. सतरा माणसं श्वास धरून पुढे झुकली. इतके दिवस तिचं एक वाक्य कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. आता सगळे ऐकायला तयार होते, आणि ऐकतील ते पाळणार होते. जाणाऱ्या माणसाची इच्छा मोडायची छाती त्यांच्यात कुणाला नव्हती.

शांतम्मानं नळीतून दोन श्वास घेतले. चार दिवस पुरी नळी मिळालेली छाती होती. घाई न करता, तोडून तोडून ती म्हणाली, "मी हाय तवर... ह्या घरात... कुणी चहा घ्यायचा न्हाय. लिंगावर हात ठेवून... आण घ्या."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी नातवाचं लग्न मागतं, कुणी काशीचं गंगाजळ. हे काय मागणं? पण इच्छा ती इच्छा.

"म्हंजे आत्ता पण न्हाय?" गुरप्पानं विचारलं. सगळ्यांना गोळा करत टेम्पोत उभं राहून आलेला होता बिचारा.

"आत्ता... पण."

आधी सिद्धलिंगप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग एकेकानं. स्वामींनीही ठेवला. त्यानंतर सगळे शांतम्माच्या जाण्याची वाट बघत बसले. साडेदहा झाले, अकरा झाले. तोंडं सुकली, पोरीबाळी जांभया द्यायला लागल्या, गुरप्पाला दुकान आठवलं. साडेअकराला माडी रिकामी झाली. फुलांचा पुडा गुरप्पानं लाजून परत नेला.

सोमवारी डॉक्टरांनी अंगठा दाबला. मग काटा पाहिला, पुन्हा अंगठा दाबला आणि बॅग बंद केली. "दवाखाना नको," ते म्हणाले. "हे असंच चालू द्या." तिनं त्यांना चहा विचारला नाही. त्यांनीही अपेक्षा केली नाही. दवाखाना टळल्याचा आनंद व्हायला हवा होता तिला. तिला मात्र ते न विचारणंच दिवसभर खुपत राहिलं.

चैत्रात ती धरून धरून जिना उतरली आणि बोळातल्या ओट्यावर बसली. आता ती एका दमात पाच-सहा शब्द बोलू शकत होती. पण बोलायचं कुणाशी? माडीवर कुणी येत नव्हतं. चहा न घेता उठायचं म्हणजे यजमानाचाही कमीपणा आणि पाहुण्याचाही. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं भावकीनं ठरवून टाकलं होतं. गुरप्पा बोळातून जाताना खालूनच वर तोंड करून विचारी, "वैनी, बरं हाय नव्हं?" आणि उत्तराला न थांबता पुढे सरके. आण मोडायला नको म्हणून जिन्याचीही पायरी शिवत नसे.

शांतम्मा त्याच्यावरही चिडे. आले तेव्हा जीव नकोसा केला, आता येत नाहीत तर दहा तास संपता संपत नाहीत. दाक्षायणी दिवसभर समोर असे, पण सुनेशी किती बोलणार? तिलाही कामं होती. शांतम्मा नळी लावून बसे आणि जिन्याकडे कान देई. उंदीर पळाला तरी तिला वाटे, कुणीतरी आलं.

ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, एका सकाळी दहाला जिन्यात पावलं वाजली. जड आणि सावकाश.

"अण्णा," ती म्हणाली आणि नळी तिनं स्वतःच नाकातून काढली. "दाक्षायणी, बंद कर ते. खिडकी उघड."

"अत्ती, आत्ता कुटं दोन तास..."

"बंद कर म्हणते न्हवं. माझा भाऊ आलाय."

दाक्षायणीनं चावी फिरवली. दहा मिनिटं तिघं थांबली. मग स्टो पेटला, आलं ठेचलं गेलं, दूध आटलं. शांतम्मा भिंतीला टेकून धापा टाकत ते सगळं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तेज आलं होतं. दाक्षायणीनं पितळी पेला आणून सिद्धलिंगप्पापुढं ठेवला.

त्यानं पेल्याकडे पाहिलं. हात मांडीवरच ठेवला.

"घे की," ती म्हणाली.

"कसं घेऊ? आण घेतलीय."

"मीच घातली... मीच सोडवते."

"तू घातलीस, पर घेतली लिंगावर," तो म्हणाला. "ती तुला कशी सोडवता येईल, शांता?"

 तिला ठाऊक होतं, हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही आणि दिलेला शब्द फिरवलेला नाही. तरी तिनं विचारलं, "मग कवा पिणार... माझ्या घरचा चहा?"

सिद्धलिंगप्पानं मनातल्या मनात हिशेब केल्यासारखं केलं, आणि जे खरं होतं ते सांगितलं. "तू हायस तवर न्हाय."

पेल्यावर साय धरली. शांतम्माला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. एवढं सगळं त्याच्यामुळंच झालं हे सांगायचं होतं, आणि तिला हा चहा त्यालाच द्यायचा होता हेही सांगायचं होतं. पण नळी बंद होती, स्टो अजून गरम होता आणि छातीत भांडणापुरता श्वास नव्हता.

"मग बस तरी," ती म्हणाली.

तो बसला.